चरका

थंडीचा केळीवर जो डाग पडतो
त्याला आमच्याकडे चरका म्हणतात.
तापल्या उलथन्याचा बोटावर बसतो,
तोही चरकाच.

पारा सातावर आला की डिगूभाऊ माणूस शोधतात.
यंदा मी.
रात्री अकराला निंभोऱ्याच्या शिवारात,
बांधाबांधावर ढीग घालत:
पाचट, सडकं कुटार, ओला पाला,
वर पाण्याचा शिपका.
पेटू द्यायचं नाही, नुसतं धुमसत ठेवायचं,
धूर घडांच्या उंचीला उभा राहिला पाहिजे.
"जाय दिसला तं रोज कापीन,"
भाऊ मफलरीतून सांगतात
आणि फटफटीला किक मारतात.

घरी वैजंता, सोळा दिवसांची बाळंतीण.
बाजेखाली शेगडी.
तिथं धूर चालत नाही.
आशाताई बजावून गेली:
जाळ अंगणात करा, निखारा फुलला की आत न्या,
खिडकी चार बोटं उघडी,
आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर.
चार बोटांतून चार गवऱ्यांची ऊब जाते,
आई कुरकुरली.
तरी तिनेच मोजून खिडकी ठेवली,
स्वतःच्या बोटांनी. तिची बोटं बारीक.

पऱ्हाटी भडभडा बोलते
आणि बोलणं संपलं की उठून जाते.
तुराटी तिचीच बहीण.
मक्याचं बिट्टं चहापुरतं.
लिंब रडवतो.
गवरी पहाटेपर्यंत साथ देते,
पण आधी तासभर धूर काढून घ्यावा लागतो तिचा.
आणि केळ, जिच्यावर सगळं गाव उभं,
तिचं खोड चुलीत सारलं
तर चूल विझते.

राहिली बाभूळ.
आमच्या दारची रस्त्यात गेली.
भाऊंच्या मोटारीच्या खोलीमागे एक खुंट होता,
दोन उन्हाळे वाळलेला.

काल मी बांधावर धूर ठेवला
आणि खोलीच्या आडोशाला जाळ केला.
दीड तास.
जाळ केवढा उंच दिसतो अंधारात,
विसरलोच होतो.
निखारे तेलाच्या डब्यात भरले, वर राख,
डबा हँडलला टांगून
तीनला सायकल काढली.
वळणावर डबा मनगटाला लागला. लागू दे.

आईने दारातच डबा घेतला.
शेगडी लाल झाली, धुराची रेघसुद्धा नाही.
मी आत पाऊल टाकलं
तशी पोरगी शिंकली.
"आधी अंगावरचा धूर उतरू द्या,"
वैजंता म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"मग या."

म्हणून हा बाहेर बसलोय,
खिडकीखाली, पाठ भिंतीला,
मनगटावर ओली राख थापून.
पन्नास रुपये कापणार भाऊ. शंभरही.
त्यांच्या झोपेत जाळ दिसला असेल त्यांना.

त्या चार बोटांतून काहीतरी खाली उतरतंय,
ओव्याच्या वासाचं,
माझ्या मानेवर.
आत पुन्हा शिंक.
वाट बघतो.