पंख्यावरचं नाव

लाईट असते तोवर नाव वाचता येत नाही.
आमच्या चर्चमध्ये तीन पंखे,
तिन्हींच्या पात्यांवर लाल रंगात:
‘कै. त्र्यंबकराव ढोकणे यांचे स्मरणार्थ. ढोकणे जिनिंग.’
फिरताना नुसतं लालसर वर्तुळ,
देवदूतांच्या डोक्यामागं काढतात तसं.
लाईट जाते, रविवारी हमखास, प्रवचनाच्या मध्यावर.
पाती मंदावतात, अक्षरं एकेक करून उतरतात
आणि मंडळी माझ्याकडं बघायचं सोडून
वर बघत वाचत बसते.

मी पूर्णेकाठचा पाळक. खारपाणपट्टा.
विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही,
दर दोन घरांआड एक मुतखडा.
मिठावरचं प्रवचन इथं अकरा वर्षांत एकदाच केलं.
मागच्या सतरंजीवरून रूबेन म्हातारा म्हणाला,
“मीठ व्हा म्हनता, पास्टरजी,
आमी त कवाचे मुरून गेलो त्याच्यात.”

तबिथाबाई खंडारे त्याच सतरंजीवर बसते.
पुढं खुर्च्या आहेत,
मिशनच्या दवाखान्यात ज्यांचे आजे कंपाउंडर होते, त्यांच्या.
कुणी ठरवलं नाही तसं.
कुणी मोडलंही नाही.

फेब्रुवारीत, रात्रपाळीला,
रेच्यात तिची दोन बोटं गेली. उजव्या हाताची.
मुकादम आधी रुईला लागलेला डाग बघायला धावला.
मालकानं पाच हजार पाठवले
आणि एक कागद, अंगठा उठवायला.
अंगठा शाबूत होता.

मी गेलो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.
लांब केली.
प्रार्थना लांबली की मला माझाच संशय येतो.
आमेन म्हणून डोळे उघडले
तर ती माझ्याकडंच बघत होती, तिनं मिटलेच नव्हते.
“देवाले त माहीतच हाये, पास्टरजी.
ढोकणेले सांगा ना जरा.”

ढोकणे वाईट माणूस नाही.
माझी बायको गेली तेव्हा
दारात पहिली गाडी त्याची उभी राहिली.
हे मुद्दाम लिहून ठेवतो.
अन्यायाला शिंगं असती
तर पाळकाचं काम गुराख्याइतकं सोपं होतं.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन.
भाकरीचा तुकडा बोटांवर ठेवायची माझी सवय;
ठेवला, आणि तो बोटं नव्हती तिथून खाली गेला.
शोधायला मी गुडघ्यांवर आलो.
अकरा वर्षांत त्या सतरंजीवर पहिल्यांदा.
सरकीचा वास होता तिथं.
मान वर केली
तर समोरचा क्रूस दिसेना,
खुर्च्यांच्या पाठी दिसल्या.

सोमवारी अमरावतीला, कामगार ऑफिसात.
साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव.
धंदा? कारकुनानं विचारलं.
सेवा, म्हणालो, आणि घसा खाकरला.

योनाथान मास्तर खजिनदार. हिशेबाची वही घेऊन आले.
“मग पंखे परत करावे लागतील.”
“करू.”
“मे महिना आहे.”
“आहे.”
शिडी त्यांनीच धरली, हेही लिहितो.

तारीख जुलैची पडली, मग सप्टेंबरची.
छताला तीन हुक लोंबतात.
मंडळी गीतांच्या वहीनं वारा घेते.
प्रवचन वीस मिनिटांत आटपतं,
एवढा एक फायदा सगळ्यांना मान्य आहे.
दोन कुटुंबं येत नाहीत. त्यांच्या खुर्च्या तशाच असतात.

तबिथाबाईला म्हटलं, बस पुढं.
“इथंच बरं,” म्हणाली, “भुई थंडी राह्यते.”
आणि डाव्या हाताने सतरंजीची घडी सारखी करत
जरा सरकली.
एका माणसापुरती जागा झाली.