बर्फाला कान

पहिल्या दिवशी मस्कारेन्हस सिस्टरनी
आम्हा वीसजणींना बेसिनपाशी उभं केलं.
म्हणाल्या, हात धुवून दाखवा.
तळवे, तळव्यांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या,
अंगठा वळवून, नखं तळव्यावर घासून, मग मनगट.
मी तीनदा धुतले.
तरी त्यांनी माझी बोटं डोळ्यांजवळ नेली
तेव्हा वाटलं, आता येणार देवगड बंदरावरचा वास,
आवशीच्या पाटीतला, बांगड्यांचा.
त्या एवढंच म्हणाल्या, नखं काप.

मग चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडणं.
मग नाडी, पूर्ण एक मिनिट;
तीस सेकंद मोजून दुप्पट करणारीला
पुन्हा पहिल्या खाटेपासून.
सुई आधी मोसंब्यात.
रुहीना मुकादम टोचण्याआधी मोसंब्याची माफी मागायची,
आम्ही हसायचो.
पुढे एका खलाशाच्या दंडापाशी
मीही मनात तेच पुटपुटले.

बारावीला इंग्रजीत मला एक्केचाळीस.
औषधांची नावं देवनागरीत लिहून पाठ केली
होस्टेलच्या गच्चीवर,
खाली मिरकरवाड्याच्या बोटींचे दिवे.
नोंदवहीत रकाने: पाहिलेली बाळंतपणं, केलेली बाळंतपणं.
ते भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.
सातव्या ओळीतल्या बाईनं कळ येताना माझं मनगट धरलं.
चार बोटांचे वळ दोन दिवस राहिले.
ते कुठल्या रकान्यात लिहायचे, विचारलं नाही.

बर्फाचं मात्र मला कळतं, असं वाटायचं.
बाबांच्या बोटीसाठी बर्फ फोडतच वाढले मी.
थरावर मासा, माशावर थर,
जेवढा जास्त तेवढा बरा.
लसीचा डबा भरायला सांगितला तेव्हा
फ्रीजरमधले टणक आइसपॅक तसेच ठासले,
ऐटीत झाकण लावलं.
सिस्टरनी उघडलं.
"गोठली की गेली ही लस.
तू टोचशील, कार्डावर सही करशील,
आई निर्धास्त घरी जाईल."
मासा बिघडला तर घरभर सांगतो.
लस काही सांगत नाही.

म्हणून पॅक आधी बाहेर ठेवायचा,
त्याच्या अंगाला घाम फुटू द्यायचा,
मग कानाशी धरून हलवायचा.
आत पाणी बोललं, तरच डब्यात.

फोनवर आवशीला सांगितलं. ती हसली.
"बर्फाक कान लावूक पैशे भरलंव आमी?"
मग गप्प झाली.
मागे लिलावाचा ओरडा, कावळे.
"तुज्या पाठच्याक सगळी इंजेक्शनां दिलेली गो.
कार्डार सही आसा."
डांग्या खोकल्यानं गेला तो, चार महिन्यांचा.
मी म्हटलं, लस घेऊनही कधी होतं, आई,
नेमकं कशानं, कोण सांगणार.
हे खरंही आहे. पुस्तकात आहे.
तिनं विचारलं, जेवलंस?

आज उपकेंद्राची पाळी, खाडीपलीकडे.
निघताना चार पॅक, चार वेळा कानाशी.
तिसरा मुका.
होडीवाला घाई करत होता,
उपकेंद्राची बाई घड्याळ बघत होती.
मी पॅक पुन्हा टेबलावर ठेवला.
होडी गेली.
दुसरी येईपर्यंत रुहीना धक्क्यावर बसून
डोस पाठ करत राहिली,
माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या होडीत डबा मांडीवर,
पायांशी कोणाचं तरी नारळांचं पोतं.
"खाली ठेवा की, जड होईल," होडीवाला म्हणाला.
नको म्हटलं.

अंगणवाडीच्या पायरीवर अकरा आया,
कार्डं पदराखाली,
एक बाळ रडून रडून झोपलेलं.
उशीर का, एकीनं जरा रागानंच विचारलं.
बर्फ बोलत नव्हता, मी म्हणाले,
आणि मडक्यातलं पाणी घेतलं.
तळवे. पाठी. बेचक्या.