विजेला दम लागतो

विष्णू तळाशिलकर गोदीत क्रेनला ग्रीस लावायचे,
पण शर्टाच्या खिशात टेस्टर,
म्हणून घोडपदेवच्या आमच्या बिल्डिंगीत
विजेचं खातं त्यांच्याकडे.

चौथ्या माळ्यावरचा बल्ब पिवळा का?
"विजेक पण दम लागता गो,
चार जिने चढान येता ती."
चौथ्या माळ्याने लगेच अर्ज ठोकला :
दमलेल्या विजेचे पूर्ण पैसे आम्ही का भरायचे?
इन्स्पेक्टर आला. वर पोचेपर्यंत
त्याच्याच तोंडाला फेस.
तळाशिलकरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं,
पुरावा म्हणून.

कोयंडेबाई रेडिओच्या तारेला बांधलेल्या गजावर
ओला कपडा टाकू देत नसत,
गाणी पातळ येतात.
आणि गच्चीवरचा अँटेना,
ताटात उरलेल्या सुरमईच्या काट्यासारखा,
त्यावर कावळा बसला
की बातम्या आधी तो ऐकणार,
उरलंसुरलं आपल्याला.
मांजर मात्र दिवसभर खालून बघत बसायची.
तिचं काही वेगळंच मत होतं.

दांडी धरायला आंतोन.
त्याने धरली की चित्र काचेसारखं,
सोडली की मुंग्या.
"रिवेटा ठोकून ठोकून
रगतात लोखंड गेला हा तेच्या."
मॅचच्या आदल्या आठवड्यात वर्गणी काढून
त्याला खजूर आणि बीट खाऊ घातलं.
आंतोनने पाच दिवस तक्रार न करता खाल्लं.
मॅच त्याने कधीच पाहिली नाही.

टीव्ही पहिल्या माळ्यावर, आंतोन गच्चीत,
मधे जिन्यात आम्ही पोरं, माळ्यागणिक एक.
माझा तिसरा.
खालून "गेलं!" आलं की मी वर "गेलं!"
वरून "आता?" आलं की मी खाली "आता?"
काय गेलं, काय आलं,
बघायची मला परवानगी नव्हती.

त्या रविवारी दुसऱ्या माळ्यावरून
वेगळ्याच आवाजात आलं,
"गेले!"
मी सवयीने वर पाठवलं, "गेलं!"
आंतोनने काटा पाव फेरा समुद्राकडे वळवला.
"आता?"
मी खाली ओरडले, "आता?"

खालून कुणी काही बोललं नाही.

गुंजाळ मास्तर गेले होते.
बायका जिन्यात, कुणी बर्फाला धावलेलं,
पहिल्या माळ्यावर टीव्ही तसाच चालू राहिलेला,
समोर एकही माणूस नाही,
आणि चित्र इतकं स्वच्छ
की गोलंदाजाच्या शर्टाची बटणं मोजावीत.
आंतोन दिवेलागणीपर्यंत दांडी धरून उभा.
त्याला सांगायचं आम्ही विसरलो.

तळाशिलकरांनी तेराव्याला उलगडा केला :
माणूस जाताना
वाटेतल्या लहरी हाताने बाजूला सारत जातो.
मास्तर तर आयुष्यभर पोरांना
"सरका, सरका" म्हणत वर्गात शिरायचे.
कुणाला शंका आली नाही.

आता त्याच जागेवर टॉवर आहे,
माझं घर सतराव्या माळ्यावर.
कोपऱ्यात राउटर, तीन कान टवकारलेला.
नातू म्हणतो, कान फिरवून काही होत नाही, आजी.
मी फिरवते. समुद्राकडे. पाव फेरा.

आणि संध्याकाळी बटण दाबलं
की नवा दिवा पेटायला जो अर्धा क्षण घेतो,
त्या अर्ध्या क्षणात
मी काही बोलत नाही.
सतरा जिने आहेत.
घे म्हणावं, दम घे.