वरचे तीनशे

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर बावीस,
माझ्या बंकखाली एक काटा आहे.
पाच रियालचा, बॅटरीवर चालतो,
ग्रॅमपर्यंत खरं बोलतो.
अन्सार त्याला माझी बायको म्हणतो.

पहाटे चारला मी मेसमध्ये भात मोजतो.
शिजलेला, अडीचशे.
मेसवाल्या मोतालेबला हे बघवत नाही.
"अन्न मोजू नये, बरकत जाते," म्हणतो
आणि माझी पाठ वळली की एक डाव वर वाढतो.
मी तो डाव परत काट्यावर ठेवतो. एकशे दहा.
लिहून घेतो.

वहीत दोन रकाने.
डावीकडे घरी पाठवलेले रियाल,
उजवीकडे पोटात पाठवलेल्या कॅलरी.
आहे ते अंग टिकायला अठ्ठावीसशे,
वाढायला एकतीसशे.
सगळा खेळ त्या वरच्या तीनशेचा:
एक केळं, मूठभर शेंगदाणे,
आणि रोज, न चुकता, रोज.
त्याहून जास्त खाल्लं तर पोट सुटतं,
कमी खाल्लं तर लोखंड उचललं काय, न उचललं काय.

पण चाळीस फुटांवर, परातीवर, जूनमध्ये
ऊन माझ्यातलं किती खातं
ते कुठल्याच तक्त्यात नाही.
साडेबाराला भोंगा होतो. साडेतीनपर्यंत काम बंद.
कंटेनरच्या सावलीत सगळे आडवे,
मी ट्यूनाचा डबा उघडतो.
प्रोटीन माझं, वास सगळ्यांचा.
"ए सीवगान!" कोणीतरी ओरडतं.
शिवगण म्हणायला इथे कोणाची जीभ वळली नाही.
मी पाठ करून खातो.

शुक्रवारी बांगडा.
मासळीबाजारातला म्हातारा एक किलो तोलतो
आणि वर एक फेकतो, फुकट, न बघता.
हा वरचा बांगडा कुठल्या रकान्यात?
मी त्याला विचारणार होतो. अरबी तेवढी येत नाही.

लतीफच्या जिममध्ये एकाचे दंड माझ्या मांडीएवढे.
म्हणाला, सुई घे, तीन महिन्यांत माप बदलेल.
म्हणालो, कंपनी सहा महिन्यांआधी
कव्हरऑलसुद्धा बदलून देत नाही.
तो हसला, मीही.
खरं कारण सांगितलं नाही:
गावी सगळंच उसनं आहे,
घरावरचे पत्रे, सुलूचं नर्सिंग, विहिरीचा पंप.
अंग तरी रोखीनं घ्यावं.

महिन्याला पाव किलो. कधी तेवढंही नाही.
फेब्रुवारीत ताप आला, तीन दिवसांत चार महिने गेले.
परत पहिल्या पानापासून.

सोळाव्या महिन्यात पाइप ओढताना
खांद्यात कव्हरऑल टर्रकन उसवलं.
स्टोअरमधल्या रोडेलनं कारण लिहिलं: खिळ्याला अडकून.
म्हटलं, खरं ते लिही ना.
म्हणाला, खऱ्याला नवीन मिळत नाही.

आज मस्कतच्या विमानतळावर
बॅग काट्यावर. तीस किलो आठशे.
काउंटरवरची मुलगी मान हलवते. आठशे काढा.
मी गुडघे टेकून चेन उघडतो.
दूध पावडर काढतो, परत ठेवतो.
सुलूचे बूट. आईची बाम, सहा बाटल्या.
माझ्या खांद्यावर चढलेल्या साडेतीन किलोंना
कोणी हात लावत नाही, त्यांचं भाडंही नाही.
शेवटी खजुरांचा डबा बाहेर.
एक किलोचा, मोतालेबनं दिलेला.

टाकवत नाही.
बॅग पट्ट्यावरून निघून जाते,
मी रांगेच्या कडेला उभा राहून खायला लागतो.
एक खजूर, वीसेक कॅलरी. दुसरा.
मागच्या म्हाताऱ्यापुढे डबा धरतो, त्याच्या नातवापुढे,
फरशी पुसणाऱ्या पोरापुढे.
सातपर्यंत मोजले होते.
बिया खिशात आहेत, त्यावरून काढता येईल.