काही नोंदवण्याजोगं नाही

दौलतगंजात, गजकच्या दुकानावर,
जिन्यात तीळ कुटल्याची धपधप,
त्या खोलीत श्रीखंडेबाई
मंगळवार-शुक्रवार इंग्रजी वाचायला शिकवतात.
बोलायला नाही, हे आधीच बजावतात.
"बोलणाऱ्यांचे क्लास नई सडकेवर ढीगभर आहेत.
इथे तोंड मिटा, पेन्सिल काढा."

आम्ही सहाजण. मी सगळ्यांत थोरली, त्रेचाळीसची,
बिजली कंपनीच्या आवक-जावक खात्यातली.
पहिला महिनाभर शब्दकोश मांडीवर घेऊन बसायचे
आणि एका उताऱ्यात सतरा वेळा खाली उतरायचे,
जसा आमचा टेम्पो छावणीपासून बाड्यापर्यंत
कुणीही हात केला की थांबतो,
आणि जायचं कुठे होतं तेच विसरायला होतं.

बाईंनी कोश उचलून कपाटात टाकला.
"अडलेल्या शब्दाखाली रेघ मार आणि पुढे हो.
पुढचं वाक्य कधीकधी मागच्याचं देणं फेडतं.
नाहीच फेडलं, तर मग ये माझ्याकडे."

तर रेघा.
दीपस्तंभाच्या रखवालदारावरचा एक उतारा होता.
समुद्र मी पाहिलेला नाही;
आमच्याकडे स्वर्णरेखा, तिलाही लोक नालाच म्हणतात.
तरी तिसऱ्या वाचनाला कळलं
की तो माणूस वादळाकडे बघतच नाहीये,
रात्रभर दिव्याची काच पुसतोय.
चार प्रश्नांची उत्तरं बोट ठेवून दाखवता येत होती.
पाचवा: तो तिथून निघून का गेला नाही?
सगळ्या ओळी दोनदा चाळल्या.
बाई म्हणाल्या, "ते छापलेलं नाही. तरी आहे."
मला राग आला. हे काय शिकवणं?

जानेवारीत दादांच्या छातीत कळ आली.
इस्पितळात तीन रात्री, बाहेर धुकं इतकं
की चहाची टपरी आवाजावरून शोधायची.
घरी सोडताना हातात कागद दिला
आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

टेम्पोत, बोचऱ्या वाऱ्यात, मी तो उघडला.
नाव. वय एकोणऐंशी. इथवर आलं.
मग हृदयापुढे एकच शब्द:
अनरिमार्केबल.

पेन्सिल नव्हती, रेघ नखाने मारली.
तुकडे केले. रिमार्क म्हणजे शेरा,
आमच्याकडे फायलीवर मारतात तो.
शेरा मारण्याच्याही लायकीचं नाही?
माझ्या बापाचं हृदय?
गिरणी बंद पडली तेव्हा मी पाचवीत होते.
हा माणूस सायकलवरून पापड विकत फिरला
आणि दुपारी जेवत नाही, हे वर्षभर
आईला कळू दिलं नाही त्याने.

पुढे हो, बाईंचा आवाज.
पुढे होतं: मर्मर नाही.
सूज नाही.
पाणी नाही.
एकेक नाही येत गेलं
आणि माझी मूठ सुटत गेली.

घरी दादांना तो शब्द मराठीत करून सांगितला,
जरा चाचरतच.
ते हसले, मग खोकले.
"म्हणजे पास!
आम्ही तपासणी खात्यात ठाण उजेडापुढे धरायचो.
तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग,
दिसेल ते खडूने खुणवायचं.
ज्या ठाणावर खडू उचलावाच लागला नाही
त्याला शिक्का. तशी महिन्यात मोजकीच यायची.
हलका शब्द नाही हा, बेटा."

मग कागद मागितला
आणि खिडकीकडे धरला,
उलटा, पाठीमागून,
कापड धरतात तसा.

शुक्रवारी वही उघडली तर
पाचव्याखालची जागा अजून कोरी.
इंग्रजीत लिहिलं, अडखळत:
काचेवर डाग राहिला असता.
बाईंनी क्रियापद तेवढं दुरुस्त केलं.