क्रियापद

डिचोलीच्या कोर्टात मी दुभाषी होतो, सतरा वर्षं.
पगार तुटपुंजा, पण कोट सक्तीचा;
डिसेंबरातही काखेत भिजायचा.

आपल्या बोलीत क्रियापद शेवटी येतं.
त्यांच्यात ते आधीच येऊन बसतं,
मोटारीत पुढची जागा अडवणाऱ्या पाखल्यासारखं.
म्हणून मला थांबावं लागायचं.
जुईज माझ्या तोंडाकडे बघायचा,
मी साक्षीदाराच्या.

त्या शुक्रवारी सुकडो गावस उभा होता.
दावा बांधावरच्या फणसाचा, बारा वर्षांचा.
दोन्हीकडचे वकील त्यावर जाड झाले;
फणस मात्र इमानानं दोन्ही अंगांना धरायचा.
सुकडो म्हणाला, "तो पणस म्हज्या आज्यान..."
आणि त्याला खोकल्याची उबळ आली.
शिपाई पाणी आणायला गेला
तो पाण्याबरोबर एक चिठ्ठी घेऊन आला.
जुईजनं ती दोनदा वाचली, चष्मा पुसला,
पुढची तारीख दिली:
मंगळवार, एकोणीस.

सोमवारी पहाटे पूल उडाला.
फडताळातल्या कपबश्या बराच वेळ बोलत राहिल्या.
मग पाखले पणजीच्या दिशेनं गेले, पायी,
एकाच्या बुटाची नाडी धुळीत लोळत होती
आणि त्याला कुणी सांगेना.

मंगळवारी मी कोट चढवून कोर्टात गेलो.
तारीख होती ना.
दार सताड. खुर्चीच्या पाठीवर काळा झगा,
एक बाही उलटी.
पिंजऱ्यात कुणाची तरी कोंबडी.
वहीत सुकडोच्या नावापुढं कोरं,
कारण मी अजून काही दिलंच नव्हतं.
बाहेर कुणी पेढे वाटत मोजत होतं:
चारशे एकावन्न वर्षं.
मी पेढा घेतला. गोड होता.

नऊ वर्षांनी सुकडो भेटला,
चवथीच्या आदल्या दिवशी, म्हापशात,
माटोळीच्या बाजारात.
विचारलं, फणसाचं काय झालं?
"खाणीत गेलो," तो हसला.
बांध, फणस, अख्खा डोंगर
बार्जमधून बंदरात, तिथून जपानला.
आता दावा कुणावर लावायचा?

तरी सांग, म्हटलं. आज्यान कितें?

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या,
जणू मीच हरवलेला खटला.
"लायिल्लो," म्हणाला. "आनी कितें?"

"प्लांतो," मी म्हणालो,
सवयीनं मान वळवून,
जिथं जुईज असायचा त्या बाजूला.
तिथं घागऱ्यांच्या झुबक्यांमागं एक बाई बसली होती.
तिला वाटलं, मी भाव विचारला.
"दोन रुपये," ती म्हणाली,
"ताजे आहेत."