डावं बूच

मे महिन्यात या गाडीचं हँडल धरायचं
तर आधी ओढणीचं टोक गुंडाळावं लागतं.
गोळीबार चौकाच्या अलीकडे, नंदनवारांच्या टपरीवर
साडेदहालाच रस्ता ओस;
समोरच्या घरातला कूलर
वाळ्याचा ओला वास फेकतो आमच्याकडे,
फुकट.

गाडी नव्याण्णवची. दादाची होती, आता माझी.
उजव्या टोकाचं बूच कधीच पडलं कुठेतरी,
कामठी रोडला म्हणा, की उमरेड रोडला.
डावं आहे. डावं निघत नाही.

काल घरी मीच खटपट केली.
डिझेलचे चार थेंब सोडले, रात्रभर ठेवलं,
सकाळी पेचकस लावला
तर स्क्रूच्या डोक्यावरची फुली झिजून
तिची वाटी झाली.
मग रागाने पकड.
अख्खं बूच गरगर फिरलं, जागच्या जागी,
बाहेर एक सूत नाही.

नंदनवार हसले नाहीत.
"कायले जोर लावता बाई?
आतमंदी रबर हाय त्याच्या.
पेच आवळला का थे फुगते, नळीले धरून बसते.
ढिला केला का आकसते.
आता पंचवीस वर्सं फुगूनच बसलं,
त्याले काय आठवते, आकसाचं कसं."

हा माणूस आधी मागावर बसायचा,
पाचपावलीत, घरचे चार माग.
माग भंगारात गेले, बोटं राहिली:
स्क्रूचे आटे नखाने चाचपतात
तुटला धागा शोधावा तसे.

ठोकायच्या पेचकसावर हातोडी. एक.
मी बुचाकडे बघत उभी.
त्याच्यावरचे ओरखडे सगळे माझे.
पंधराची होते. कस्तुरचंद पार्कात
दादा मागून धावायचा, क्लच सोड, अगं हळू सोड,
आणि गाडी डावीकडे निजायची.
नेहमी डावीकडेच.
दोन.
सगळ्यात खोल ओरखडा फुटाळ्याच्या उतारावरचा,
त्यात अजून डांबराचा ठिपका आहे.
संध्याकाळी बाबा गाडीभोवती एक फेरी मारायचे,
बुचावरून अंगठा फिरवायचे,
आणि दादा म्हणायचा, "रेती होती. घसरलो."
सहा वेळा घसरला दादा,
एकदाही खरचटला नाही.
सहाव्यांदा बाबांनी विचारलंच नाही,
आईला एवढंच म्हणाले,
"पोरीच्या गुडघ्याला हळद लाव."

तिसऱ्या ठोक्याला कट् झालं.
रबर बाहेर आलं, बिब्ब्यासारखं काळं, चिरलेलं.

उजव्या नळीत माती निघाली.
कुंभारणीनं घर बांधलेलं, तीन खोल्यांचं,
पिल्लं केव्हाच उडालेली.
म्हणजे इतके दिवस
माझ्या मुठीत भाडेकरू होते.
नंदनवारांनी स्पोकने माती मोकळी केली,
पण झाडून टाकली नाही,
जुन्या टायरच्या कडेवर ठेवून दिली.

नवी जोडी सव्वाशेची. चकचकीत.
रायपूरला दादाला फोटो पाठवला, मग फोन.
त्याच्या दुकानात कुणी कुकरची शिटी मागत होतं.
जरा वेळाने म्हणाला,
"एक्सिलेटरच्या बाजूला केसभर जागा ठेवायला सांग.
बूच घासलं तर मूठ अडकते.
सोडली की आपोआप परत यायला पाहिजे."
"हो."
"अन् डावं?"
तेवढ्यात त्याचं गिऱ्हाईक ओरडलं.

उजवीकडे नवं बसलं.
मध्ये लग्नपत्रिकेचा तुकडा घालून आवळलं,
मग तुकडा ओढून काढला.
मूठ पिळली, सोडली. खट्. परत.
डावीकडे नव्या रबरावर जुनंच बूच.
"जोडी नाही जमून राहिली, बाई."
"नाही जमत," मी म्हटलं.

बारा वाजता निघाले. ऊन असं
की सिग्नलला थांबायला सावली शोधत होती माणसं.
थांबले तेव्हा करंगळी आपणहून
मुठीच्या टोकापर्यंत गेली.
डांबराचा ठिपका
तापला होता.